एका मेलसाठी तीन सर्व्हर

११ ऑगस्ट, सोमवार

आज सकाळी सव्वासात वाजता, महापालिकेची घरपट्टी वेळेवर भरणाऱ्या एका निर्व्यसनी गृहस्थाला त्याच्याच स्वयंपाकघरात चहाच्या गाळणीपासून वंचित ठेवण्यात आलं. याची नोंद कुठे तरी व्हायला हवी, म्हणून ही डायरी. ओट्यावर बघितलं. रॅकमध्ये बघितलं. फ्रिजमध्येसुद्धा बघितलं. शेवटी चहा रुमालातून गाळला. रुमाल इस्त्रीचा होता.

नऊला भागीबाई धुण्याभांड्याला आल्या आणि सिंकच्या वरच्या खिळ्याची गाळणी काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, साहेब, बाई रोज इथंच तर अडकवायच्या. असेल. पण तसं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. अख्खं स्वयंपाकघर एका माणसाच्या डोक्यात ठेवायचं, आणि मग त्या माणसानं बाहेरगावी जायचं! याला सिस्टीम म्हणत नाहीत.

लता येवल्याला माहेरी गेली आहे. हवापालटाला. जाताना दारात बॅग घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी आता परत यायची नाही, काही कळवायचं असलं तर कळवीन. यातलं पहिलं वाक्य रागातलं, म्हणून ते धरायचं नाही. दुसरं मात्र स्पष्ट आश्वासन आहे. कळवीन. आणि आमच्या घरात कळवणं म्हणजे मेल.

मेल अजून आलेला नाही. कारण उघड आहे. आमच्या घरचा मेल सर्व्हर म्हणजे दिवाणाखालचा एक कॉम्प्युटर. एक मशीन, एक मीटर, एक इंटरनेट. गेल्या महिन्यात गंगापूर रोडची लाईट किती वेळा गेली! नेमका त्याच वेळी तिनं मेल पाठवला असणार.

निश्चय : ही परिस्थिती बदलायची.

१३ ऑगस्ट, बुधवार

भागीबाईंनी विचारलं, बाई कधी येणार? म्हटलं, कळवणार आहेत. त्या नुसत्याच हं म्हणाल्या. भागीबाईंचा तो हं मला आवडत नाही.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. सातपूरच्या कंपनीत मी कॉम्प्युटर विभाग चालवला. माझ्या काळात एक मेल हरवला नाही. व्हीआरएस घेतल्यावर घरातही तीच शिस्त आणली. स्वतःचं डोमेन, स्वतःचा सर्व्हर, तिघांची तीन खाती. नियम एकच : तोंडी काही सांगायचं नाही. तोंडी सांगितलेल्याची नोंद राहत नाही, मग वाद होतात. लतानं सुरुवातीला कुरकुर केली, पण नंतर छान सवय झाली तिला. स्वयंपाकघरातून मेल टाकायची, विषय : गॅस. हॉलमध्ये दोन सेकंदांत पोचायचा. मी रविवारी सगळे एकदम वाचायचो. एकदा तिचा मेल आला की आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, याल का. त्याला मी रीतसर उत्तर दिलं : नोंद घेतली. तोवर ऑपरेशन झालेलं होतं हे खरं, पण तिनं विषयात 'तातडीचे' असं लिहिलंच नव्हतं.

सायलीला पुण्याला फोन करून नवी योजना सांगितली. तीन सर्व्हर, तीन वेगवेगळ्या ठिकाणी. येणारी डाक तिघांत सारखी वाटायची. एक बंद पडला तर बाकीचे दोघं सांभाळून घेतील, दोन बंद पडले तर तिसरा. लेक म्हणाली, बाबा, सगळं जग फुकटचं मेल वापरतं, तुम्ही पण वापरा ना. म्हटलं, आपली पत्रं दुसऱ्याच्या घरात ठेवायची? ती म्हणाली, बाबा, आईला मेल करायचाच असता ना, तर... आणि आवाज गेला. हिंजवडीसारख्या ठिकाणी नेटवर्कची ही अवस्था.

१७ ऑगस्ट, रविवार

जागा ठरवल्या. पहिली, आपला फ्लॅट. दुसरी, पंचवटीत ललितचं पूजासाहित्याचं दुकान. ललित शाळेपासूनचा मित्र, आणि नदीपलीकडे विजेची लाईन वेगळी.

तिसऱ्या जागेसाठी खूप अभ्यास केला. इगतपुरी : पाऊस फार. सिन्नर : ओळखीचं कुणी नाही. ओझर : फार जवळ, एकच संकट दोघांवर येऊ शकतं. सर्व निकषांवर येवला उत्तम ठरलं. अंतर योग्य, हवा कोरडी, लाईन वेगळी. तिथे माझी सासुरवाडी आहे हा निव्वळ योगायोग. निवड पूर्णपणे तांत्रिक.

मेव्हण्याला, म्हणजे मल्हारीला फोन केला. त्याच्या घरात पैठणीचे दोन माग आहेत, त्यामुळे इन्व्हर्टर आहे. म्हणाला, ठेवा की दाजी, खोकंच तर हाय. खातं काय ते? म्हटलं, वीज. म्हणाला, मग ठीके.

२३ ऑगस्ट, शनिवार

पंचवटीचा सर्व्हर बसवला. ललितनं कापूर आणि जानवी यांच्या मधला कप्पा दिला. रिक्षानं नेताना मांडीवर धरून नेला, भाजीबाजारातल्या गर्दीत दोन जणांनी विचारलं, मूर्ती का?

ललित म्हणाला, दिन्या, एवढे उपद्व्याप करण्यापेक्षा वहिनीला एक फोन कर की. म्हटलं, फोनची नोंद राहत नाही. तो म्हणाला, अरे नोंद कशाला पाहिजे तुला, तू काय पोलीस ठाणं आहेस? दुकानातलं गिऱ्हाईक हसलं. ललितचा स्वभाव चांगला आहे, पण विषयाची खोली नाही.

निश्चय : रोज सकाळी गोदापार्कला फिरायला जायचं. पोळी शिकायची. लता येईल तेव्हा तिला बदल दिसला पाहिजे.

२४ ऑगस्ट

फिरायला गेलो नाही. पंचवटीच्या सर्व्हरवर लक्ष ठेवणं गरजेचं होतं.

३० ऑगस्ट, शनिवार

येवला. सकाळच्या एसटीनं गेलो, मशीन शेजारच्या सीटवर. मी येतोय हे लताला मेलनं आधीच कळवलं होतं. ती घरी नव्हती. मल्हारी म्हणाला, ताई शिर्डीला गेली, गिऱ्हाइकाला पैठण्या दाखवायला. म्हणजे मेल पोचला नव्हता. तिसऱ्या सर्व्हरची किती गरज होती ते सिद्ध झालं.

सासूबाई, कुसाबाई, मागाच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. डोळा आता उत्तम आहे. म्हणाल्या, जावईबापू, हे काय आनलं? टीवी हाय का? म्हटलं, नाही आई, टपाल आहे, सगळी पत्रं इथे येणार. त्या म्हणाल्या, मग पोस्टमन कुठं बसनार? बराच वेळ समजावलं. शेवटी म्हणाल्या, बरं बरं, चालंल, पन त्याला जेवन मी घालनार नाय.

मशीन खिडकीपाशी स्टुलावर ठेवलं. जाता जाता सहज विचारलं, तुझी ताई मेल बघते ना? मल्हारी म्हणाला, ते ॲप तर तिनं कधीच काढलं दाजी, फोनात जागाच नव्हती, साड्यांचे फोटो लय झाल्यात.

परतताना बसमध्ये मन एकदम हलकं झालं. मेल न येण्याचं खरं कारण कळलं : फोनची मेमरी. पण ॲप नसलं तरी ब्राउझरमधून मेल करता येतो, आणि पासवर्ड तिला माहीत आहे. आमच्या लग्नाची तारीख. ती मला लक्षात राहावी म्हणूनच तिनं ठेवायला लावली होती.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सिस्टीम सुरू! तिन्ही सर्व्हर दर मिनिटाला एकमेकांना निरोप देतात : मी आहे. निरोप आला की माझ्या स्क्रीनवर त्या ठिकाणचा ठिपका हिरवा. तीन मिनिटं नाही आला की लाल. गंगापूर रोड हिरवा, पंचवटी हिरवा, येवला हिरवा.

आज एकूण अकरा मेल आले. नऊ कर्ज घ्या म्हणून, एक गुडघेदुखीच्या तेलाचा, एक बँकेचा, पासवर्ड कुणाला सांगू नका. गंगापूर रोडनं चार घेतले, पंचवटीनं चार, येवल्यानं तीन. भार किती सुंदर वाटला गेला! पाच हजार माणसांचं टपाल पेलेल अशी व्यवस्था आहे. सध्या माणूस एक.

येवल्याला तीनच का आले याचा विचार केला. चालायचं. माहेरी गेल्यावर थोडं काम कमीच असावं.

९ सप्टेंबर, मंगळवार

नुसते जाहिरातींचे मेल येऊन भागत नाही, चाचणी खऱ्या मजकुरानं व्हायला हवी. म्हणून लताच्या खात्यातून माझ्या खात्यावर एक चाचणी मेल पाठवला. विषय : चाचणी. मजकूर : उद्या सकाळच्या गाडीनं येते.

पोचला. तिन्ही सर्व्हरवर दिसला. तिन्ही ठिकाणी उघडून वाचला, कारण प्रत येताना मजकुरात काही बदल होत नाही ना हे बघणं गरजेचं असतं. बदल झाला नव्हता. तिन्ही ठिकाणी येतेच म्हणत होती.

१० सप्टेंबर

सकाळी नऊच्या सुमारास महामार्ग स्टँडवर गेलो होतो. येवल्याच्या गाड्या वेळेवर येतात का ते बघायला. येतात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

चाचणी आपोआप होईल अशी सोय केली. रोज सकाळी दहाला लताच्या खात्यातून मेल येतो : चहा घेतलात का? मजकूर मुद्दाम लहान ठेवला आहे. मी त्याला उत्तर देतो, म्हणजे जाणारी बाजूही तपासली जाते. आजचं उत्तर : घेतला, साखर जास्त झाली.

भागीबाई केर काढता काढता म्हणाल्या, साहेब, एकटेच काय हसताय? म्हटलं, काम चाललंय.

पोळीचा पहिला प्रयत्न. आकाराबद्दल लिहीत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

एक लक्षणीय गोष्ट. पंचवटीचा ठिपका दिवसातून दोनदा तरी लाल होतो. ललित अगरबत्त्यांचं खोकं ठेवताना वायर ओढतो, विचारलं तर म्हणतो, दिन्या, पितृपक्ष चाललाय, मला श्वास घ्यायला वेळ नाही, तुझ्या खोक्याला कुठून देऊ? आपला फ्लॅट तर काय, लाईटचा भरवसा नाही. पण येवला! बसवल्यापासून एकदाही लाल नाही. गावाची लाईट जाते, मशीन बंद पडतं, तरी तीन मिनिटांच्या आत कुणी तरी ते इन्व्हर्टरवर पुन्हा चालू करतं. एवढी काळजी कोण घेत असेल?

मल्हारीचा तो पिंड नाही. कुसाबाईंना बटण कुठलं ते माहीत नाही.

नाव लिहीत नाही. पण आज दिवसभर बरं वाटलं.

१९ सप्टेंबर

सायलीला हे सांगितलं.  ती म्हणाली, बाबा, आई रोज रात्री मला फोन करते, मशीनबद्दल कधीच काही बोलली नाही. म्हटलं, बोलणारच नाही, तुझ्या आईचा स्वभाव तुला माहीत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. भागीबाईंनी परडी आणली, माती आणली, मला गहू पेरायला लावले, म्हणाल्या, बाई नसल्या म्हणून काय झालं. ठीक आहे. घराला बरं.

अजून मेल नाही. स्पॅमच्या पेटीत अडकला असेल म्हणून पेटी उपसली. कर्ज, तेल, कर्ज, लॉटरी, कर्ज. आता असा नियम घातला आहे की लताकडून आलेला कोणताही मेल, त्यात काहीही लिहिलेलं असो, थेट आत यावा. कुठेही अडवला जाऊ नये.

निश्चय : सायलीला प्रत्यक्ष प्रात्यक्षिक दाखवायचं. तिनं एकदा डोळ्यांनी बघितलं की आईला सांगेल.

१ ऑक्टोबर, बुधवार, पुणे

पहाटेच्या शिवशाहीनं पुण्याला. सायली घरूनच काम करत होती. तिच्यासमोर मोबाईल ठेवला. तीन हिरवे ठिपके. म्हटलं, भूकंप येऊ दे, पूर येऊ दे, चोर येऊ दे, ही व्यवस्था बंद पडणार नाही. ती म्हणाली, बरं बाबा, पोहे खाणार का?

तेवढ्यात दहा वाजले आणि फोनवर मेल आला. लता : चहा घेतलात का? सायलीनं तो वाचला. तिचा चेहरा असा फुलला की मला सहावीतली सायली आठवली. म्हणाली, बाबा! आईनं केला? आणि फोन हातात घेतला. मला सांगावं लागलं की तो चाचणीचा आहे, मीच पाठवतो. ती पोहे करायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पोहे करपले नव्हते, मी वासावरून सांगू शकतो.

ती बाहेर आली तेव्हा येवल्याचा ठिपका लाल झाला. मी म्हटलं, बघ, हेच दाखवायचं होतं, एक गेला तरी दोन आहेत. मग पंचवटी लाल. म्हटलं, एक पुरतो. मग गंगापूर रोड.

तिन्ही लाल. सायलीनं प्लेट खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. हसणार होती, पण हसली नाही.

येवल्याला फोन लावला. मल्हारीचा फोन कुसाबाईंनी घेतला. म्हणाल्या, जावईबापू, आज खंडेनवमी नाय का! माग बंद, कात्र्या बंद, तुमचं टपाल बी बंद. हळदीकुंकू वाह्यलं, झेंडूची माळ घातली, आज त्याला काम लावायचं नाय, लय राबतंय बिचारं. म्हटलं, आई, चालू करा. त्या म्हणाल्या, पाप लागंल.

पंचवटी. ललित म्हणाला, दिन्या, तराजूची पूजा केली, कॅलक्युलेटरची केली, तुझ्या खोक्याला वगळू? नैवेद्यसुद्धा दाखवलाय त्याला, आणि देवासमोर नाही म्हणू नको.

घर. किल्ली भागीबाईंकडे होती. त्या म्हणाल्या, साहेब, बाई दरवर्षी मिक्सरची, शिलाई मशीनची, गॅसची, सगळ्यांची पूजा करायच्या. यंदा त्या नाहीत म्हणून मी केली. आधी बटण बंद करायचं असतं, नाय तर कुंकवाचं पाणी जाऊन शॉक बसतो.

वीज, पूर, भूकंप, चोर, उंदीर. सगळ्यांपासून बचाव केला होता. पंचांग बघायचं राहिलं.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी नाशिकला पोचलो. भागीबाईंनी उंबऱ्याला तोरण लावलं होतं आणि सर्व्हरवर झेंडू. झेंडू बाजूला काढून बटण दाबलं. पंचवटी दुपारी. येवला संध्याकाळी. तिन्ही हिरवे.

आता एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपले तिन्ही सर्व्हर बंद असले तरी मेल मरत नाही. पाठवणाऱ्याकडे तो थांबतो, पुन्हा पुन्हा दार ठोठावतो, चार-पाच दिवस. म्हणजे तिनं सणाच्या दिवशी, मनात आणून, काल मेल टाकला असेल तर तो आज-उद्या येणारच. आणि सणाच्या दिवशीच माणसाच्या मनात येतं. मी तर म्हणेन, झालं ते बरंच झालं.

३ ऑक्टोबर

साचलेले मेल आले. कर्ज. दसऱ्याच्या शुभेच्छा आणि कर्ज. कार घ्या. कार घ्या आणि कर्ज. गुडघ्याचं तेल, सणाची सवलत.

४ ऑक्टोबर, शनिवार

सगळं आलं. आता पाठवणाऱ्यांपैकी कुणाचंही काही बाकी नाही. तसं पडताळून बघता येतं, मी बघितलं.

व्यवस्था निर्दोष आहे. एकही मेल हरवलेला नाही. ऑगस्टपासून आजपर्यंत एकही नाही.

हे वाक्य लिहून उठलो आणि गाळणी तिच्या खिळ्यावर अडकवून आलो.

५ ऑक्टोबर, रविवार, रात्री

येवल्याला जाऊन आलो. कारण तांत्रिक : झेंडूच्या पाकळ्या पंख्यात गेल्या असतील, साफसफाई गरजेची.

मागाच्या खोलीत गेलो. सर्व्हरच्या मागे, जिथून गरम हवा बाहेर पडते तिथे, एक बांबूची परडी बांधलेली. परडीत धागा गुंडाळलेल्या रेशमाच्या कांड्या. मल्हारी म्हणाला, दाजी, लय कामाला आलं बघा तुमचं मशीन. पावसाळ्यात रेशीम दमट होतं, धागा चिकटतो, तुटतो. ताईनं बघितलं, ह्याच्या मागून गरम हवा येती. लगेच परडी बांधली. लाईट गेली की पहिलं हेच चालू करायचं, तिचा हुकूम. आता ऊन पडाया लागलं, आता नाय लागत. तुम्हाला न्यायचं असंल तर न्या.

मी म्हटलं, न्यायलाच आलोय.

लता घरीच होती. ओसरीवर सतरंजी टाकून बसली होती, समोर मोबाईल उभा करून कुणा गिऱ्हाइकाला पदर उलगडून दाखवत होती. मोराचा पदर. बाई, हा रंग कॅमेऱ्यात येतच नाही, तुम्ही एकदा येऊनच बघा, असं म्हणून मोकळी हसली. विणकरांच्या दोन बाया आत आल्या, लताबाई, हे बघा, लताबाई, ते सांगा. आमच्या घरी तिला लताबाई कुणी म्हणत नव्हतं.

फोन ठेवून तिनं मला बघितलं. उठली, पाणी आणलं, चहा आणला. साखर बरोबर होती. मी विचारलं, बरी आहेस? म्हणाली, बरी आहे. तुम्ही? म्हटलं, बरा. मग मी तिला व्यवस्था समजावून सांगितली. तीन ठिकाणं, भार सारखा वाटलेला, एकावर कधीच सगळं पडत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा म्हणाली, सारखा वाटलेला, हो का?

मग म्हणाली, अहो, मी निघताना दारात काय म्हणाले होते? म्हटलं, कळवीन म्हणालीस. ती म्हणाली, त्याच्या आधीचं. मी रिकामा कप बशीत ठेवला. ती म्हणाली, तेच कळवायचं होतं मला. तुमच्या समोर उभी राहून, तोंडानं सांगितलं होतं.

आत मागाचा खटखट आवाज चालला होता. तो थांबला. कुसाबाई ऐकत असाव्यात.

लता म्हणाली, आता पुन्हा एकदा सांगते. मी येणार नाही. रागावून नाही म्हणत. इथं मी हाक मारली की माणूस वळून बघतं, तेवढं पुरे झालं मला. मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, पोचलं का?

म्हटलं, पोचलं.

मशीन पोत्यात गुंडाळून मल्हारीनं स्टँडपर्यंत स्कूटरवर सोडलं. निघताना लतानं एक स्टीलचा डबा दिला, म्हणाली, पोचायला उशीर होईल, जेवून घ्या.

बसमध्ये उघडला नाही. घरी येऊन उघडला. बाजरीची भाकरी, मेथी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. भाकरी अजून मऊ होती. सगळं संपवलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

डबा घासून पालथा घातला. कोजागिरी आहे, खाली सोसायटीचं दूध चाललंय. गेलो नाही.

डबा दिला याचा अर्थ डबा परत न्यायला कुणी तरी येणार, किंवा मी जाणार. म्हणजे संपर्काचा मार्ग उघडा ठेवलेला आहे. लता कोणतीही गोष्ट उगीच करत नाही. संध्याकाळी हे सायलीला सांगितलं. ती हळू आवाजात म्हणाली, बाबा, आई म्हणाली की मल्हारीमामा दिवाळीच्या आधी नाशिकला साड्या द्यायला येतोय, त्याच्याकडे द्या म्हणावं.

ठीक आहे. सोयीचंच झालं.

७ ऑक्टोबर

दहाला चाचणीचा मेल आला. चहा घेतलात का?

उत्तर दिलं नाही. रोजचा चाचणी मेल बंद केला.

११ ऑक्टोबर, शनिवार

पंचवटीहून मशीन आणलं. ललितनं काहीच टोमणा मारला नाही, हे वाईट लक्षण आहे. नुसतं म्हणाला, ये दिन्या, बस. दुकान बंद करून माझ्याबरोबर रामकुंडापर्यंत चालत आला.  निघताना कापराची एक पुडी खिशात घातली, म्हणाला, कपाटात ठेव, कपड्यांना बरी.

संध्याकाळी सायलीनं फोनवरून माझं खातं फुकटच्या मेलवर हलवलं. दहा मिनिटं लागली. मी विचारलं, आईचं खातं? ती म्हणाली, काढून टाकू का ठेवू? म्हटलं, आई काय म्हणते? म्हणाली, आईला विचारलं, तिला आठवतही नव्हतं असं काही आहे म्हणून.

म्हटलं, मग काढ.

तिन्ही मशीनं दिवाणाखाली एका रांगेत लावली. भागीबाईंनी विचारलं, साहेब, ही आता चालत नाहीत का? म्हटलं, उत्तम चालतात.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

सकाळी मल्हारीचा फोन. दाजी, खाली टेम्पोत हाय, कॉलेज रोडला साड्या टाकायच्यात, थांबायला जागा नाय, डबा घेऊन या लवकर.

डबा ओट्यावर तयार होता. रिकामा. शेजाऱ्यांचा असो की माहेरचा, डबा रिकामा परत करायचा नसतो, हे लता मला कितीदा तरी सांगायची. तोंडीच. तरी राहिलं आहे लक्षात. काल बेसनाचे लाडू करून बघितले होते, ते वळले गेले नाहीत, आणि जे झालं होतं ते कुणाला देण्यासारखं नव्हतं. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. साखरेचा डबा काढला आणि त्यातली साखर तिच्या डब्यात ओतली, काठापर्यंत. झाकण लावलं. ओल्या फडक्यानं बाहेरून पुसला.

खाली गेलो. मल्हारीनं डबा घेतला, हातानं तोलला, म्हणाला, भरलेला हाय की! ताईला काय सांगू?

म्हटलं, काही नाही. डबा पोचव फक्त.

तो म्हणाला, पोचवतो दाजी. सीटवर ठेवायला लागला तर म्हटलं, झाकण सैल आहे त्याचं, मांडीवर धर. त्यानं मांडीवर धरला.